किनाऱ्यावरच्या पाणथळ जागा आणि हवामानबदल: चिखलातला कार्बन मोजायला सुरुवात कुठून करावी?

खाडीकाठ

मंडळी, किनाऱ्यावरच्या पाणथळ जागा आणि हवामानबदल या विषयातच पुढे संशोधन करायचं ठरवलं आहे. सध्या वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. प्रबंधासाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीतलं सुमारे १२ हेक्टर कांदळवन निवडलंय. पाण्याकडच्या बाजूला चिप्पी, मधल्या पट्ट्यात कांदळ, आणि जमिनीकडे जुन्या खाजणाच्या (भरती अडवून केलेल्या शेतजमिनीच्या) बांधाला लागून तिवर. बांध बऱ्याच वर्षांपूर्वी फुटलेला आहे आणि तिवर त्याच्या आतही पसरली आहे.

झाडांचा घेर मोजून कार्बन काढायची पद्धत शिकवली गेली आहे. पण खरा साठा मातीत असतो म्हणतात, आणि मातीबद्दल कुणी नीट सांगत नाही. किती खोल जायचं, कशाने, किती नमुने घ्यायचे? विभागात ओव्हन, मफल फर्नेस (नमुने जाळायची भट्टी) आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू आहे, एवढ्यावर भागेल का? समुद्राची पातळी वाढतेय तर हे वन तग धरेल की नाही, हे सहा महिन्यांत मोजता येईल का? आणि एम.एस्सी. झाल्यावर पुढे काय, हेही जमलं तर सांगा.

---

गाळवाट

आधी जमिनीवरचं उरकून टाकतो. ७ मीटर त्रिज्येचं वर्तुळ (०.०१५४ हेक्टर) आखा आणि त्यातल्या ५ सेंमीपेक्षा जाड प्रत्येक खोडाचा व्यास घ्या. बारक्या झाडांना २ मीटर त्रिज्येचं आतलं वर्तुळ पुरतं. व्यास १.३ मीटर उंचीवर. कांदळाला मात्र आधारमुळं खोडाला जिथे सगळ्यात वर चिकटतात त्याच्या ३० सेंमी वर टेप लावायचा, नाहीतर मुळंच मोजली जातात. तिवरीला बुंध्यातून चार-पाच खोडं फुटलेली असली तर प्रत्येक खोड वेगळं धरा. सगळ्यांची बेरीज करून एकच व्यास लावलात तर आकडा फुगतो, कारण समीकरणात व्यासाचा घात जवळजवळ अडीच आहे. कोमियामा आणि सहकाऱ्यांचं २००५ चं सर्वसाधारण समीकरण असं आहे: जमिनीवरचं वजन (किलो) = ०.२५१ × लाकडाची घनता × व्यासाचा २.४६ घात. १० सेंमी व्यास आणि घनता ०.६५ धरली तर ४७ किलो येतात. पहिलं उत्तर याच्याशी ताडून पाहा, म्हणजे सूत्र बरोबर मांडलंय की नाही ते कळेल.

आता माती. जगभर सर्रास वापरतात ती खोली १ मीटर. तुमच्या खाडीत गाळ त्याहून उथळ असू शकतो. कोकणातल्या लहान खाड्यांत खाली मुरूम, शिंपल्यांची वाळू किंवा सरळ कातळ लागतो. म्हणून कोअर (गाळाचा उभा नमुना) काढण्याआधी एक लोखंडी सळई तीन ठिकाणी दाबून गाळ किती खोल आहे ते लिहून ठेवा. गाळ ६० सेंमीच असेल तर साठा ६० सेंमीचाच काढायचा. १ मीटर गृहीत धरून गुणाकार करणं ही सरळ चूक आहे, आणि ती बऱ्याच अहवालांत सापडते.

अवजार म्हणाल तर अर्धगोल चेंबरचा रशियन पीट कोअरर सगळ्यात बरा. तो बंद अवस्थेत खाली जातो, हव्या त्या खोलीवर अर्धा वळसा दिला की बाजूचा गाळ कापून आत घेतो आणि माती दाबली जात नाही. ५ सेंमी व्यासाच्या चेंबरमध्ये अर्ध्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ९.८ चौ. सेंमी, म्हणजे ५ सेंमी लांबीच्या तुकड्याचं घनफळ ४९ घन सेंमी. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सगळा हिशेब त्यावरच उभा राहतो. वळसा फक्त पाठीमागच्या पात्याच्या दिशेने द्यायचा. उलटा फिरवलात तर चेंबर रिकामं येतं किंवा वरचा गाळ आत शिरतो. घट्ट चिकणमातीत दोघांनी मिळून वळवा, एकट्याने जोर लावला की दांड्याचा सांधा वाकतो. मधे जाड मूळ लागलं तर ठोकत बसू नका, २०-३० सेंमी सरकून नवा कोअर घ्या आणि तसं लिहा.

थर करायचे ते ०-१५, १५-३०, ३०-५० आणि ५०-१०० सेंमी. प्रत्येक थराच्या मधोमध ५ सेंमीचा तुकडा कापायचा. तुमच्याकडे तीन पट्टे आहेत आणि फुटलेल्या बांधाआतला भाग चौथा. तो वेगळाच धरा. प्रत्येकात आधी ३ कोअर काढून त्यांच्यात फरक किती पडतो ते पाहा. समजा सरासरी हेक्टरी २०० टन आली आणि प्रमाण विचलन ४० टन. अंदाज वर-खाली १० टक्क्यांत बसवायचा तर (२ × ४० ÷ २०) चा वर्ग, म्हणजे १६ कोअर लागतील. २० टक्के चालणार असतील तर ४ पुरतात. एम.एस्सी.च्या वेळात प्रत्येक भागात ५-६ कोअर हे जमण्याजोगं आहे.

वेळेबद्दल एक महत्त्वाचं. पुष्कळ जण उधाणाची मोठी ओहोटी बघून निघतात. कांदळवनासाठी उलट करा, भांगाचे दिवस धरा, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, जेव्हा भरती-ओहोटीचा चढउतार सगळ्यात कमी असतो. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ येते हा हिशेब तुमच्याकडचे मासेमार जाणतात. अष्टमीला भरती सहाच्या आसपास, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) दुपारी बाराच्या सुमारास. शिवाय भांगाची भरती वरच्या पट्ट्यांपर्यंत चढतच नाही, त्यामुळे आख्खा दिवस हातात राहतो. पाण्याकडच्या चिप्पीच्या पट्ट्यासाठी मात्र अमावस्या-पौर्णिमेची सकाळची सुकती लागेल. खाडीत जसजसं आत जाल तसतशी भरती उशिरा येते, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापील तक्त्याशी पडताळून घ्या.

---

मफल४५०

प्रयोगशाळेचं मी सांगतो, कारण चिखलात घाम गाळून आणलेले नमुने इथेच वाया जातात.

नमुना हवा काढून पिशवीत बंद करा, बर्फाच्या पेटीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत ओव्हनमध्ये घाला. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, एक आत आणि एक बाहेर. शाईचं लिखाण खाऱ्या पाण्यात टिकत नाही. ६० अंशांवर वाळवायचं, पण आख्खा तुकडा ठेवलात तर चिकणमाती बाहेरून दगडासारखी होते आणि आत ओल राहते. बोटांनी मोडून पसरा, ४८ तासांनी वजन करा, पुन्हा १२ तासांनी करा. दोन्ही सारखी आली की झालं. कोरडं वजन भागिले मूळ घनफळ ही तुमची घनता. यात शिंपला किंवा जाड मूळ आलं असेल तर चाळून वेगळं तोला, पण घनफळातून परस्पर वजा करू नका. काय केलंत ते लिहून ठेवा.

मग जाळणं. जाळल्यावर वजनात जी घट येते ती सेंद्रिय पदार्थाची धरतात. क्रुसिबल आधी रिकामी तापवून डेसिकेटरमध्ये थंड करून तोला. नमुना ४५० अंशांवर ८ तास. बरेच जण ५५० अंशांवर ४ तास ठेवतात, पण आपल्या खाड्यांमधल्या गाळाचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून आलेला असतो आणि त्यात स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर. ५०० अंशांच्या वर तिच्या स्फटिकांत अडकलेलं पाणी निघू लागतं आणि ते तुम्ही सेंद्रिय पदार्थ म्हणून मोजता. सेंद्रिय अंश कमी असलेल्या गाळात ही चूक मूळ आकड्याच्या बरोबरीची होऊ शकते.

तराजूचं सांगायचं तर ०.०१ ग्रॅमवाल्याने भागेल, पण नमुना मोठा घ्यावा लागेल. २ ग्रॅम गाळात ५ टक्के घट म्हणजे ०.१ ग्रॅम, आणि तराजूची चूकच ०.०१, म्हणजे १० टक्के तिथेच गेले. १० ग्रॅम घेतलात तर तीच चूक २ टक्क्यांवर येते. रसायनशास्त्र विभागात ०.००१ चा तराजू असणारच, मागून घ्या.

जळालेलं सगळं कार्बन नसतं. सेंद्रिय पदार्थावरून कार्बन काढायची समीकरणं छापलेली आहेत. पलाऊ बेटांवरच्या कांदळवनाचं एक फार वापरलं जातं: कार्बन टक्के = ०.४१५ × घट (टक्क्यांत) + २.८९. ते जसंच्या तसं उचलू नका. त्यातला २.८९ बघा. घट शून्य असली तरी ते समीकरण जवळपास ३ टक्के कार्बन देतं. सेंद्रिय पदार्थाने भरलेल्या पलाऊच्या मातीत ते खपतं, आपल्या खनिज गाळात साठा दुप्पट दाखवेल. तुमच्या ७०-८० नमुन्यांपैकी सगळ्या थरांमधले आणि सगळ्या पट्ट्यांमधले मिळून २० निवडा, तेवढे सीएचएन यंत्रावर (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन थेट मोजणाऱ्या) करून घ्या आणि स्वतःचं समीकरण काढा. खर्च २० चाच येतो.

त्या २० नमुन्यांत शिंपल्यांचा चुना असेल तर तोही यंत्राला कार्बनच दिसतो. चिमूटभर मातीवर विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाका, फसफसलं तर चुना आहे. मग नमुना आम्लाच्या वाफेत ठेवून चुना काढायचा. कपसुली चांदीच्या वापरा, टिनच्या आम्लात गळतात. आणि टक्केवारी आम्लाआधीच्या वजनावर काढा. आम्लानंतरच्या वजनावर काढून ती आम्लाआधीच्या घनतेने गुणणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक.

मीठही तसंच. घनता ०.८ असलेल्या १ घन सेंमी गाळात सुमारे ०.७ घन सेंमी पाणी असतं. ते समुद्राइतकं खारं असेल तर वाळल्यावर ०.०२५ ग्रॅम मीठ मागे राहतं, म्हणजे कोरड्या वजनाच्या ३ टक्के. घनता आणि टक्के दोन्ही मिठासकट मोजलेत तर गुणाकारात ते आपोआप निघून जातं. एक धुतलेल्या नमुन्याचं आणि दुसरं न धुतलेल्या नमुन्याचं असलं की नाही जात.

शेवटचा हिशेब: घनता ०.८ ग्रॅम, कार्बन २.५ टक्के, म्हणजे घन सेंटिमीटरला ०.०२ ग्रॅम. १०० सेंमी खोलीला २ ग्रॅम प्रति चौ. सेंमी. १ ग्रॅम प्रति चौ. सेंमी म्हणजे हेक्टरी १०० टन, म्हणून उत्तर २०० टन. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचं तर ३.६७ ने गुणा, ७३४ टन. कुठल्या एककात बोलताय ते प्रत्येक तक्त्यावर लिहा. कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडची गल्लत झाली की आकडा पावणेचार पट चुकतो.

---

खाडीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. रशियन कोअरर इथे जवळपास कुठे मिळत नाहीये. पीव्हीसी पाइप ठोकून काढला तर? करून पाहिला: ६३ मिमीचा पाइप १०० सेंमी आत गेला, पण आतला कोअर ८२ सेंमीच निघाला. सगळ्या खोल्या १.२२ ने गुणल्या तर चालेल का?

---

गाळवाट

पाइप चालतो, तो गुणाकार मात्र तसा सरसकट करू नका. १०० भागिले ८२ म्हणजे १.२२ हे बरोबर, पण माती सगळीकडे सारखी दबलेली नसते. वरचा पाणीदार थर जास्त दबतो, आणि खाली गेल्यावर पाइपच्या भिंतीशी घासून कोअर अडकतो, मग पाइप नुसताच पुढे जातो. म्हणजे काही गाळ दबलेला असतो आणि काही आत आलेलाच नसतो. साठा काढताना दबलेला गाळ चिंतेचा नाही, न आलेला आहे.

उपाय साधे आहेत. पाइप रुंद घ्या, ९० किंवा ११० मिमीचा. खालची कड बाहेरून कानशीने घासून धारदार करा. हातोड्याने ठोकण्याऐवजी आडवा दांडा बांधून डावी-उजवीकडे वळवत दाबा, म्हणजे बारीक मुळं कापली जातात. दर १० सेंमीला थांबून आतली माती बाहेरच्या जमिनीपेक्षा किती खाली गेली ते काठीने मोजा आणि लिहा. मग दबण्याचा गुणक थराथराला वेगळा मिळतो. काढण्याआधी वरचं तोंड रबरी बुचाने गच्च बंद करा, नाहीतर खालचा अर्धा कोअर तिथेच राहतो. एवढं करूनही घट १० टक्क्यांच्या वर राहिली तर ५० सेंमीचे दोन टप्पे करा: आधी वरचा कोअर, मग खड्डा रुंद करून त्याच्या तळापासून दुसरा.

---

भरतीरेषा

वरचं सगळं साठ्याबद्दल झालं. हवामानाचा हिशेब करायचा असेल तर मिथेन सोडून चालणार नाही, आणि कोकणात तो ऋतूचा प्रश्न आहे.

खाऱ्या पाण्यात सल्फेट असतं. सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्यांच्या तोंडचं अन्न पळवतात, म्हणून खाऱ्या दलदलीतून मिथेन कमी निघतो. भरतीच्या दलदलींवरच्या २०११ च्या एका तुलनात्मक अभ्यासातून क्षारता (हजार भाग पाण्यात मीठ किती) १८ च्या वर असेल तर मिथेन नगण्य धरता येतो असं दिसलं आणि तो आकडा नियमासारखा वापरला जाऊ लागला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर नदीचं गोडं पाणी खाडीत भरतं. मे महिन्यात ३५ असलेली क्षारता खाडीच्या वरच्या टोकाला ऑगस्टमध्ये अगदी तळाला जाऊ शकते. चिखलात जाणं सोपं म्हणून सगळी मोजणी डिसेंबर ते मेमध्ये करायची आणि वर्षाचा मिथेन शून्य लिहायचा, हे बरोबर नाही. क्षारता मोजायची ती खाडीच्या पाण्याची नव्हे, १०-३० सेंमी खोल मातीतल्या पाण्याची. बारीक छिद्रांची नळी घालून सिरिंजने ते ओढून घ्या आणि रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाका. पाऊस सुरू झाला तरी मातीतलं पाणी काही आठवडे खारं राहतं, मग उतरतं.

मिथेन मोजायला बंद चेंबर, म्हणजे जमिनीवर उपडा ठेवायचा हवाबंद डबा, लागतो. त्याची खालची कड ५-१० सेंमी जमिनीत काही दिवस आधी रोवून ठेवा. त्याच दिवशी रोवलीत तर तुटलेल्या मुळांमधून आणि हललेल्या गाळातून वायू सुटतो. तिवरीची श्वसनमुळं चेंबरच्या आत राहू द्या, मिथेनचा बराच भाग त्यांच्यातूनच वर येतो. ती कापून सपाट जागा करणं म्हणजे वाटच बंद करणं. अर्ध्या तासात सारख्या अंतराने पाच नमुने सिरिंजने घ्या. उभं राहायला फळी टाका, कारण पाय पडला की बुडबुडे फुटतात आणि आलेख एकदम उडी मारतो. अशी उडी दिसली तर ती मोजणी रद्द करून पुन्हा घ्या.

पडताळणीला एक उदाहरण: चेंबरची उंची ४० सेंमी, मिथेन मिनिटाला ०.०५ पीपीएम वाढतोय, तापमान ३० अंश. घनमीटरला हवेचे सुमारे ४०.२ मोल. गुणाकार केला की दिवसाला चौरस मीटरमागे साधारण १८.५ मिलिग्रॅम मिथेन येतो. तो वर्षभर तसाच राहिला तर हेक्टरी ६८ किलो. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन २७ पट धरला तर १.८ टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. आता त्याच जागी वर्षाला हेक्टरी दीड टन कार्बन गाळात पुरला जात असेल, म्हणजे ५.५ टन कार्बन डायऑक्साइड, तर त्यातला एक तृतीयांश मिथेनने खाल्ला. म्हणून साठ्याचा आकडा एकटा फिरवू नये असं मला फार वाटतं.

एम.एस्सी.ला चेंबर जमला नाही तरी चालेल. मातीतल्या पाण्याची क्षारता वर्षभर दर पंधरवड्याला मोजून ठेवलीत तरी पुढच्याला मोठा आधार होईल.

---

उंचसखल

तग धरण्याचा प्रश्न राहिला. सहा महिन्यांत त्याचं उत्तर मिळत नाही. जागा बसवता येते, उत्तर पाच वर्षांनी.

समुद्राची जागतिक सरासरी पातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला ३.७ मिमी वाढली. गेल्या १०,००० वर्षांच्या नोंदींवरून २०२० साली काढलेला निष्कर्ष असा की वाढ वर्षाला ६.१ मिमीच्या वर गेली की कांदळवनं जागच्या जागी उंची राखू शकण्याची शक्यता फार कमी होते. आपण मिलिमीटरांत बोलतोय, त्यामुळे जीपीएसने किंवा उपग्रहाच्या चित्राने हे दिसत नाही.

त्यासाठी सळई आणि आडवा हात असलेलं उपकरण असतं, आरसेट म्हणतात. साधारण १५ मिमी जाडीच्या, १.२ मीटर लांबीच्या स्टेनलेस स्टीलच्या सळया एकमेकींना जोडत खाली ठोकायच्या, पुढे जाईनाशा होईपर्यंत. वरचं टोक काँक्रीटमध्ये पक्कं करायचं. मोजताना त्यावर आडवा हात बसवून ९ पिना जमिनीला टेकेपर्यंत सोडायच्या आणि वर किती उरल्या ते मोजायचं. हात चार दिशांना फिरवून ३६ आकडे. शेजारी ५० × ५० सेंमी जागेवर फेल्डस्पारची पांढरी पूड १ सेंमी जाड पसरायची, एका जागेला साधारण ३ किलो. सिरॅमिकवाल्यांकडे ती मिळते. काही महिन्यांनी बारीक कोअर काढला की पांढऱ्या रेघेवर किती गाळ साचला ते दिसतं. गाळ ५ मिमी साचला आणि जमीन २ मिमीच उचलली गेली, तर ३ मिमी आतल्या आत दबले किंवा कुजले. गाळ येतोय म्हणजे जमीन वर चाललीय असं धरणाऱ्यांच्या नजरेतून हाच फरक सुटतो.

चुका कुठे होतात ते सांगतो. पिना जिथे पडतात तिथे एकदा जरी पाय पडला तर ती जागा कायमची गेली, म्हणून आधी फळ्यांचा ओटा बांधा, मग सळई ठोका. बसवल्यावर दोन-तीन महिने थांबूनच पहिली मोजणी घ्या. पिन कुरलीच्या बिळात किंवा श्वसनमुळावर पडली तर ती सरकवू नका, तशीच मोजून पुढे खूण करा. दर वेळी मोजणारा माणूस शक्यतो तोच असावा. पावसाळ्यात गाळ पाणी पिऊन फुगतो, मेमध्ये आक्रसतो, म्हणून यंदाचा मे पुढच्या मेशी आणि ऑक्टोबर ऑक्टोबरशी ताडायचा. ज्या भागात कुरल्यांची बिळं दाट आहेत तिथे पांढरी रेघ वर्षभरात विस्कटते, तिथे तीन चौकोन घाला. आणि वहिवाटीच्या पायवाटेजवळ सळई ठोकू नका, स्टील चोरीला जातं.

हे इतकं धीराचं काम का करायचं, तर अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावरची मेरीलँडची दलदल बघा. स्मिथसोनियनच्या संशोधन केंद्राने तिथे १९८७ पासून उघड्या माथ्याच्या चेंबरमध्ये जादा कार्बन डायऑक्साइड सोडून झाडोरा वाढवला. पुढे जमिनीची उंची मोजली तेव्हा दोन वर्षांच्या मोजणीत जादा वायूच्या चेंबरमधली जमीन वर्षाला ३.९ मिमी जास्त उचलली गेल्याचं दिसलं. ती बाहेरून आलेल्या गाळाने नव्हे, लव्हाळ्यासारख्या झाडांच्या वाढलेल्या मुळांनी. २०१६ पासून तिथेच माती दीड मीटर खोलपर्यंत ५.१ अंशांनी तापवायचा प्रयोग चालू आहे. एकाच जागेवर पिढ्यान्‌पिढ्या मोजत राहिल्याशिवाय असे प्रश्न सुटत नाहीत, आणि उष्ण कटिबंधातल्या कांदळवनात अशा जुन्या जागा फार थोड्या आहेत.

---

उघाडी

फुटलेल्या बांधाआतला भाग वेगळा धरायला गाळवाट यांनी सांगितलं, त्याचं कारण जरा सविस्तर लिहितो, कारण कोकण-गोव्यात हाच भाग सगळ्यात फसवा आहे.

खाजण म्हणजे बांध घालून भरतीपासून तोडलेली खाडीची जमीन. गोड्या पाण्यावर भात, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, पाण्याचा निचरा. गोव्यात तिलाच मानस म्हणतात. भरती थांबली की नवा गाळ येत नाही, माती वाळते, हवा शिरते, सेंद्रिय पदार्थ कुजतो आणि जमीन खचते. म्हणून बांधाआतली पातळी बाहेरच्या कांदळवनापेक्षा खाली असते. बांध फुटला की पाणी आत येतं पण पूर्ण ओसरत नाही, भांगातही साचून राहतं. तिवर येते, ती कडेला आणि उंचवट्यांवर. मधल्या खोलगट भागात रोपं बुडून मरतात. हा भाग उजाड दिसतो म्हणून तिथे लागवड केली जाते आणि ती मरते. रोपांचा दोष नसतो, पाण्याला बाहेर जायला वाट नसते. बांधाला दुसरी खिंड पाडून जुना चर मोकळा केला तर बऱ्याचदा लागवडीची गरजच उरत नाही.

तुमच्या कोअरमध्ये हे असं दिसेल: वर मऊ करडा नवा गाळ, त्याखाली घट्ट, तपकिरी-तांबूस डागांचा थर, ती जुन्या भातशेताची नांगरट. त्याच्याखाली पुन्हा काळपट, कुजक्या अंड्याच्या वासाचा जुना खाडीचा गाळ. तिन्हींची घनता वेगवेगळी. मधल्या घट्ट थराची दीडपट असू शकते. इथे ठरावीक १५-३०-५० चे थर बाजूला ठेवा आणि रंग बदलतो तिथे कापा. बांध फुटल्यानंतर किती कार्बन साचला हे सांगायचं असेल तर फक्त नांगरटीच्या वरचा थर मोजायचा. आख्खा मीटर नव्या तिवरीच्या खात्यावर टाकला तर शेकडो वर्षांचा जुना साठा तिच्या नावावर जातो. बांध कोणत्या साली फुटला ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि जुन्या उपग्रह चित्रांवर पडताळा. साल पक्कं मिळालं तर शिशाच्या किरणोत्सारी समस्थानिकावरून वय काढायचा खर्च वाचतो. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे, खाजणाच्या मातीबद्दल तिथे विचारणा करावी.

परवानगीचं विसरू नका. कांदळवन हे किनारा नियमन क्षेत्राच्या सगळ्यात कडक वर्गात येतं, १,००० चौ. मीटरपेक्षा मोठं असेल तर भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही. जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली असेल तर वनखात्याचं लेखी पत्र हवं. महाराष्ट्रात २०१२ पासून वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. विभागप्रमुखांच्या सहीने अर्ज करा, त्यात कोअरची संख्या, व्यास, खोली आणि ठिकाणांचे अक्षांश-रेखांश द्या. जागा खाजगी खाजण असेल तर मालकाचं पत्र वेगळं.

---

मफल४५०

उघाडी यांच्याशी थराबाबत सहमत, एक भर घालतो. रंगाप्रमाणे कापलं तरी प्रत्येक तुकड्याची वरची आणि खालची खोली मिलिमीटरपर्यंत लिहा, म्हणजे नंतर इतरांच्या १५-३०-५० च्या थरांशी तुलना करता येते. नाहीतर तुमचा आकडा एकटाच पडतो.

---

भरतीरेषा

पुढच्या वाटेबद्दल कुणी लिहिलं नाही. नेट परीक्षा द्यायची तर वनस्पतीशास्त्रवाल्यांना जीवविज्ञानाचा पेपर सोयीचा. पृथ्वी, वातावरण आणि सागर विज्ञानाचा वेगळा पेपर आहे, त्यात गणित-भौतिकी जास्त. फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि चेन्नईचं राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र ही दोन नावं आधी बघा. मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावापेक्षा हे विचारा: मोजणीची कायमची जागा आहे का, किती वर्षांची नोंद आहे, आणि ती नोंद विद्यार्थ्याला वापरायला मिळते का.

शिकायचं म्हणाल तर आर भाषेत सांख्यिकी, क्यूजीआयएसवर नकाशे आणि ऑटो लेव्हलने पातळी काढणं. हे तिसरं बहुतेक जीवशास्त्रवाले टाळतात आणि मग प्रत्येक वेळी सर्वेक्षकाच्या मागे लागतात. कोअर किती उंचीवर घेतला हे माहीत नसेल तर भरतीखाली तो किती वेळ असतो ते कळत नाही, आणि मिथेन, गाळ, झाडांचा पट्टा यातलं काहीच त्याला जोडता येत नाही. पोहता येत नसेल तर शिकून घ्या. चिखलात एकट्याने जायचं नाही, कालवांनी पाय कापतात म्हणून घोट्याला घट्ट बांधलेले बूट घाला. गमबूट गाळात रुततो आणि पाय सुटून बाहेर येतो. गेव्याची फांदी मोडू नका, तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

---

खाडीकाठ

सगळं वहीत उतरवून घेतलं. ठरवलं ते असं: चार भाग, प्रत्येकात ५ कोअर, ११० मिमीचा पाइप, ५०-५० सेंमीच्या दोन टप्प्यांत. बांधाआत रंगाप्रमाणे थर. २० नमुने सीएचएनला. मातीतल्या पाण्याची क्षारता दर अष्टमीला. परवानगीचा अर्ज या आठवड्यात देतो. एक शंका: उरलेली वाळलेली माती फेकून द्यायची का?

---

गाळवाट

अजिबात नाही. काचेच्या बाटलीत झाकण घट्ट लावून, कोअर क्रमांक, खोली, तारीख आणि अक्षांश-रेखांश लिहून विभागाच्या कपाटात ठेवा. ८० नमुन्यांना दोन खण पुरतात. आणि कपाटाच्या आत एक यादी चिकटवा, तुमच्यानंतर येणाऱ्याला बाटल्या कशाच्या आहेत ते कळलं पाहिजे.